दाऊदमामाची साक्ष

"दारू घाल," दाऊदमामा म्हणाला. "दारूशिवाय साक्ष म्हणजे मिठाशिवाय पिठलं."

मुरलीधर शेवग्याखाली उकिडवा बसला होता. हाताचं ग्रीस चिंधीने पुसत तो म्हणाला, "पण म्या दारू कधी पेलोच न्हाई."

"एकदाही नाही?"

"न्हाई."

"मग जुगार?"

"पत्ते येत न्हाईत मला."

"तंबाखू तरी?"

"दात दुखतो."

मामाने गळ्यातली शिवणकामाची टेप काढून मांडीवर आपटली. "अरे बाबा, मग प्रभूने तुला तारायचं तरी कशातून?"

मी मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. मला हसू आवरेना. पण तो शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जन्माचा निकाल लागणार होता.

मी रिबेका अमोलिक. घरात रिबा. माझे आप्पा सोनवडीच्या चर्चच्या मंडळीचे पाळक होते आणि मिशनच्या वाडीत चर्चला लागूनच आमचं घर होतं. आमच्या पंथात बाप्तिस्मा नदीत, पुरतं बुडवून होई. पण पाण्यात उतरण्याआधी माणसाने वाळूवर सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्याला कशातून वाचवलं ते आपल्या तोंडाने सांगायचं, अशी रीत होती. साक्ष रंगली की मंडळी डोळे पुसत 'आमेन' म्हणत. नाही रंगली तर बायका पदराआड एकमेकींना चिमटे काढत.

मुरलीधर लोहकरे आमच्या विहिरीचं ऑइल इंजिन दुरुस्त करायला आला, तिथून हे सगळं सुरू झालं. इंजिन दुसऱ्याच दिवशी पुन्हा बंद पडलं. वाडीतल्या सगळ्यांनी रॉकेलवाल्याला शिव्या घातल्या. हा पठ्ठ्या सायकलवरून आला, इंजिन खोललं आणि आप्पांना म्हणाला, "काल वायसर मीच उलटा बसवला व्हता." पैसे घेतले नाहीत. आप्पा खूश झाले, आणि मी तर त्यांच्याहून जास्त. त्यानंतर तो दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर दिसू लागला. आप्पांना वाटलं, वचन ऐकायला येतो. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही खरं काय ते माहीत होतं.

दीड-दोन वर्षं असं चाललं. शेवटी त्याने आप्पांकडे मला मागणी घातली. त्याच्या थोरल्या भावाने त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं, तरी तो हटला नाही. आप्पाही हटले नाहीत. विश्वास नसलेल्या घरी मुलगी द्यायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. मुरलीधरने मग धर्मशिक्षणाची सगळी प्रश्नोत्तरं पाठ करून त्यांना धडाधड म्हणून दाखवली.

"पोपटालाही शिकवता येतं," आप्पा म्हणाले. "बाप्तिस्मा म्हणजे लग्नाचा परवाना नव्हे. तू मंडळीपुढे साक्ष दे. माझं मन भरलं तर त्याच घटकेला तुला पाण्यात घेईन आणि माझी मुलगीही देईन. नाहीतर राहुरीचे पाहुणे सोमवारी तिला बघायला येतायत, त्यांना मी होकार देणार."

राहुरीचं स्थळ मिशनच्या शाळेत मास्तर होतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याविषयी याहून जास्त काही सांगता येणार नाही.

म्हणून मी दाऊदमामाला गाठलं. तो आईचा धाकटा भाऊ, वाडीचा शिंपी, आणि साक्ष देण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दर ईस्टरला त्याची साक्ष ठरलेली. तरुणपणी तो कसा दारूच्या आहारी गेला, बेलापूरच्या बाजारात गटाराच्या कडेला कसा पडला, कुत्रं येऊन त्याचं तोंड कसं चाटू लागलं आणि त्याच क्षणी पांढरा लख्ख उजेड पडून 'दाऊदा, ऊठ' अशी हाक कशी आली. माझ्या लहानपणी तो त्या गोष्टीत एक ग्लास प्यायचा. मी मॅट्रिक होईपर्यंत घागर रिकामी करू लागला होता. कुत्र्यांचीही संख्या वाढली होती. तरी वाडीतली एलिशबाआजी दर वेळी नव्याने रडायची. फक्त माझी आई मामा उभा राहिला की "चहाचं बघते" म्हणून उठून जायची. तिला गाजावाजा आवडत नाही, असं मी धरून चालले होते. तिने स्वतः जन्मात कधी साक्ष दिली नव्हती, की कुणाच्या साक्षीला मोठ्याने 'आमेन' म्हटलं नव्हतं. पाळकीणबाई असून अशी कशी, म्हणून वाडीत कुजबुजही होई.

तर त्या शनिवारी मामाने मुरलीधरला शेवग्याखाली बसवून एक झक्क भूतकाळ बेतून दिला. माप न घेता शिवलेला, पण कापड भारी. त्यात हातभट्टी होती, भावाशी मारामारी होती, विहिरीत जीव द्यायला निघणं होतं आणि विहिरीच्या कठड्यावर पांढरा उजेड होता. मुरलीधर शाळेतल्या पोरासारखा मागून म्हणत होता. मामा मध्येच थांबवून सांगे, इथे आवाज उतरव, इथे आवंढा गीळ.

मामा गेल्यावर मुरलीधर ओट्यापाशी आला. "रिबा, हे माझ्या तोंडात बसत न्हाई."

"एक दिवस बसवा," मी म्हणाले. "नाहीतर सोमवारी राहुरीकर बसतील आमच्या ओसरीत."

त्याने चिंधीची घडी करून खिशात टाकली. मग "बरं" म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. मला इतका आनंद झाला की निवडलेले तांदूळ मी पुन्हा न निवडलेल्यांत ओतले.

रविवारी उन्हं वर यायच्या आत सगळी मंडळी प्रवरेच्या डोहावर हजर होती. नाताळ जवळ आलेला, थंडी मी म्हणत होती, पाण्यावरून वाफा निघत होत्या. ढोलकी होती, टाळ होते, बायका पांढऱ्या लुगड्यांत. भजनाचा ठेका असा लागला होता की माझे पाय वाळूत जागच्या जागी हलत होते. दाऊदमामा नाताळसाठी शिवलेला नवा कोट पंधरा दिवस आधीच घालून आला होता. "माझा चेला आहे, बघच तू," तो माझ्या कानात म्हणाला. आई माझ्या शेजारी टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं आणि टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

भजन थांबलं. मुरलीधर पांढऱ्या सदऱ्यात पुढे आला. आप्पा हात जोडून बाजूला उभे राहिले.

सुरुवातीला तो अडखळला. मामाचे ओठ माझ्या शेजारी आपोआप हलत होते. पण हातभट्टीपर्यंत आल्यावर त्याचा आवाज सुटला, आणि मारामारीपाशी तर असा चढला की मलाच क्षणभर वाटलं, हा खरंच पीत होता की काय. विहिरीच्या कठड्यावर त्याने आवंढा गिळला. मामाने सांगितला होता त्याहून सरस. एलिशबाआजीने पदर डोळ्याला लावला. उजेड पडला आणि साऱ्या वाळूवर 'आमेन'चा गजर झाला. मामाने माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस वळ होता.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग त्यांनी मान हलवली आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "चल," ते म्हणाले.

झालं. जिंकलो आपण.

दोघे कमरेएवढ्या पाण्यात गेले. आप्पांनी एक हात त्याच्या पाठीमागे धरला, दुसरा वर उचलला. नदीवर त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"मुरलीधर, देवासमोर आणि या मंडळीसमोर विचारतो. पापाचा धिक्कार करतोस काय?"

"करतो."

"प्रभू येशू तुझा तारणारा आहे, असा विश्वास धरतोस काय?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, थंडीने दातखीळ बसली. ढोलकीवाल्याने हात वर धरून ठेवला होता, तो तसाच राहिला.

"थांबा, पाळकसाहेब," मुरलीधर म्हणाला. "म्या दारू कधी पेलेलो न्हाई."

काठावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"हातभट्टी न्हाई, मारामारी न्हाई. विहिरीवर मी गेलो ते इंजिन बघायलाच. उजेड पडलाच न्हाई. ते सगळं खोटं हाय."

माझ्या शेजारी मामा हळूहळू मागे सरकू लागला. मंडळीचे पंच शिमोन पगारे पुढे झाले आणि ओरडले, त्याला बाहेर काढा, ही देवाच्या कामाची थट्टा आहे. दोघातिघांनी त्यांची री ओढली. आप्पांनी वर धरलेला हात तसाच त्यांच्याकडे वळवला, तसे ते गप्प झाले.

"माझं मन भरल्यासारखं वाटलं होतं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तो दुखावलेला होता, आणि ते मला जास्त लागलं. "एका शब्दाने तुझं काम होत होतं. मुलगी मिळत होती. आता का सांगतोस?"

"तिथं वाळूवर माणसं व्हती. माणसांपुढं जमलं. इथं तुम्ही त्याचं नाव घेऊन इचारलं. त्याच्यापुढं जमंना."

"म्हणजे तू विश्वास धरतोस की नाही?"

"ते मलाबी कळंना, साहेब. चर्चला मी रिबाला बघायला येत व्हतो. हे खरं." काठावर कुणीतरी खुसकन हसलं. माझे कान तापले. "पण एक झालं. वैरी असंल त्याचंबी भलं करा, असं एका रविवारी तुम्ही सांगितलं. माझं ध्यान न्हवतं. त्याच आठवड्यात खालच्या रानातल्या सावळेरामाच्या इंजिनाचं काम आलं माझ्याकडं. त्यानं बांधाच्या भांडणात माझ्या भावाचा हात मोडलेला. मी इंजिन नीट केलं आन् चाकाचा नट सैल सोडून घरी आलो. चालू केलं की चाक निघून अंगावर येतं माणसाच्या."

आता खुसखुस बंद झाली होती.

"दुपारी जेवाया बसलो. भाकर गिळंना. आवाज न्हाई आला, कोणी दिसलं न्हाई. नुसती भाकर गिळंना. तसाच उठून सायकल मारीत गेलो. तो हँडल हातात घिऊन उभाच व्हता. म्हणलं थांब, आन् नट आवळला. काय राहिलं व्हतं, असं त्यानं इचारलं. काय सांगू? तुमचं बोलणं ध्यान नसताना कुठून आत शिरलं, ते मला अजून उमजलं न्हाई. एवढंच हाय माझ्याकडं. साक्ष म्हणण्यासारखं न्हाई ते."

दोन वर्षांत त्याने हे मलाही सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडून खोटा उजेड घोटून घेत होते आणि त्याच्या खिशात हे पडलेलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, आप्पा, हेच, हेच धरा.

आप्पांनी वर धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "ती पहिली साक्ष तुझ्या डोक्यातली नाही. कुणी शिकवली?"

मुरलीधरने नकाराची मान हलवली.

"सांग. या मंडळीला ते कळायला हवं. त्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"ते न्हाई सांगणार मी."

"मग वर चल."

दोघे वळले. आप्पांनी त्याच्या पाठीवरचा हात काढला. माझ्या डोळ्यांपुढे ओसरीत बसलेले राहुरीकर आले, चहा, पोहे, मास्तरांचा नीट भांग. मी एक पाऊल पुढे टाकलं. बोलणारच होते. तेवढ्यात माझ्या बाजूने काहीतरी धपाधपा पाण्यात गेलं.

दाऊदमामा. नव्या कोटासकट, चपलांसकट.

"मी शिकवली," तो म्हणाला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी तो थांबला नाही. "भाऊजी, त्याला सोडा. ती साक्ष माझी आहे." मग पाणी पोटाला लागलं, त्याला हुडहुडी भरली आणि त्याचा तो प्रसिद्ध आवाज पार बारीक झाला. "म्हणजे माझीही नाही."

"तुझीही नाही म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"मीपण कधी प्यायलो नाही. वासाने मळमळतं मला. बेलापूरला मी बटणं आणायला जायचो."

एलिशबाआजी "आता गं बया" म्हणाली आणि मटकन वाळूत बसली. इतक्या वर्षांचं रडणं वाया गेलेलं बघून दुसरं काय करणार ती.

"मग का रे?" आप्पांचा चेहरा असा झाला होता, जणू ते स्वतःच्याच घरात वाट चुकले होते.

"सगळ्यांना काही ना काही झालं होतं, भाऊजी. कुणी मरता मरता वाचला, कुणी तुरुंगातून आला. मी जन्मापासून इथलाच. मला कधी काहीच झालं नाही. रोज सकाळी उठलो, प्रार्थना केली, शिवत बसलो. उभं राहून सांगायला काय होतं माझ्यापाशी? पहिल्या वर्षी एक ग्लास प्यायलो. लोक रडले. मग..." त्याने मुरलीधरकडे बघितलं. "याने माझं नाव घेतलं नाही. याला बुडवा, भाऊजी. मी काठावर जातो."

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. "नको. तिथेच राहा, दाऊद."

आई बोलली होती. चारशे डोळे तिच्याकडे वळले. ती मात्र टॉवेलाची घडी सारखी करत होती. ती त्याची थोरली बहीण. तो कधी काय प्यायला, किती प्यायला, हे तिला माहीत नसणार तर कुणाला? आणि तेव्हा कुठे मला इतक्या ईस्टरचा चहा कळला.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिने होकाराची मान हलवली. आप्पा पुन्हा वळले आणि त्यांनी मुरलीधरच्या पाठीमागे हात धरला.

"दाऊद, आलाच आहेस तर दुसऱ्या बाजूने धर. पोरगा जड आहे." मग जरा थांबून, "मुरलीधर, पुन्हा विचारतो. नीट बघून सांग. विश्वास धरतोस काय?"

"धरतो," मुरलीधर म्हणाला. "पण थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

तो विचारात पडला. मग त्याने पाण्यातून हात वर काढला आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवून दाखवलं. "नटाचा एक आटा लागलाय, एवढा."

आप्पांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. "एका आट्याने नट टिकतो?"

"टिकत न्हाई. पण पहिला आटा सरळ बसला की बाकीचे लागत जातात. वाकडा बसला तर कितीबी आवळा, वाया."

आप्पा हसले. मी त्यांना पाण्यात उभं असताना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं आणि त्याला मागे झुकवलं. आणि नेमका मामाचा पाय शेवाळावरून सटकला. त्याने मुरलीधरला धरलेलं, मुरलीधरने आप्पांना. तिघेही गडप. पाण्यावर आधी मामाचा कोट फुगून वर आला, मग आप्पांचा चष्मा नसलेला चेहरा, आणि शेवटी मुरलीधर, नाकातोंडातून पाणी सोडत, माझ्याकडे बघत.

ढोलकीवाल्याचा हात अखेर खाली आला. काय वाजवलं त्याने. लोक हसत होते, रडत होते, टाळ्या वाजवत होते. पगारेसुद्धा चष्मा शोधायला धोतर खोचून पाण्यात उतरले. मी टॉवेल घेऊन धावले ती गुडघाभर पाण्यात जाऊनच थांबले. मुरलीधरचे दात कडाकडा वाजत होते.

"नट सैल सोडला होता, हे मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला वाटलं असतं, असल्या माणसाशी कोण लगीन करील," तो म्हणाला.

राहुरीला त्याच दुपारी निरोप गेला.

आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली की त्या इंजिनाच्या जागी मोटर आली, मोटरही दोनदा जळली. मुरलीधरचे किती आटे लागले, ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. नटबोल्ट मात्र तो अजून दोनदा तपासतो, सावळेरामच्या नातवाचेही.

मला आठवतो तो पुढचा ईस्टर. साक्षीची वेळ झाली. दाऊदमामा सवयीने उठला आणि सगळ्या मंडळीने माना खाली घातल्या. त्या रविवारनंतर तो चर्चमध्ये मागे बसू लागला होता. आता काय बोलतो हा? मी आईकडे बघितलं. ती चहासाठी उठली नव्हती.

मामाने समोरच्या बाकाला धरलं. तोंड उघडलं, मिटलं. त्याच्या अंगात तोच कोट होता, नदीच्या पाण्याने आटून मनगटांच्या वर गेलेला.

"यंदाही मला काही झालं नाही," तो म्हणाला. "तरी आलो." आणि खाली बसला.

कुणी रडलं नाही. मग बायकांच्या बाजूने, पहिल्या रांगेतून, अगदी मोठ्याने माझी आई म्हणाली, "आमेन."